मोहरमात आलेला नवरोज

नवरोज म्हटलं की आपल्याकडे आठवतो तो ऑगस्ट महिना. बाहेर पाऊस, अग्यारीच्या दारात पांढऱ्या डगल्यातली पारशी मंडळी आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्यांचं छायाचित्र. आपण 'पतेतीच्या शुभेच्छा' देऊन मोकळे होतो. (पतेती म्हणजे खरं तर आदला दिवस, वर्षभरातल्या पापांची क्षमा मागण्याचा. त्याच्या शुभेच्छा काय द्यायच्या? पण पारशी माणूस सभ्य, तो हसून 'थँक्यू' म्हणतो.) पण नवरोज हा तर वसंताचा सण. दिवस आणि रात्र समान होतात, सूर्य मेषेत जातो, त्या क्षणाला इराणी माणसाचं नवं वर्ष सुरू होतं. मग हा वसंत आपल्याकडे भर श्रावणात कसा येतो?

या प्रश्नाच्या मागे मी कधी लागलो नसतो. पण २००२ च्या मार्चमध्ये मी शिराझमध्ये होतो आणि तिथे एका घरात मला नवरोज आणि मोहरम एकाच आठवड्यात भेटले.

परदेशी विद्यार्थ्यांसाठी फारसीचा एक छोटा अभ्यासवर्ग होता. माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं, वय तिशी ओलांडलेलं, आणि फारसी म्हणाल तर उर्दूच्या बोटाला धरून चालणारी. राहण्याची सोय एका कुटुंबात झाली. घरचे आगा भूगोलाचे निवृत्त शिक्षक, त्यांची पत्नी, विद्यापीठात शिकणारी मुलगी आणि आगांची आई. तिला सगळे मादरजून म्हणत. 'जून' म्हणजे 'जान'. आपण आईला 'माय गं' म्हणतो ना, तितक्याच मायेचा शब्द.

आगांच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. आपल्या कालनिर्णयासारखंच, एका चौकटीत तीन तारखा. मोठ्या आकड्यात इराणी सौर तारीख, खाली हिजरी चांद्र तारीख आणि कोपऱ्यात इंग्रजी. आगा मला म्हणाले, "बघ, या वर्षी दोघं समोरासमोर आलेत." मार्चच्या मध्यावर मोहरमचा चांद दिसला होता. नवं सौर वर्ष १३८१ लागणार होतं २० मार्चच्या रात्री पावणेअकराच्या सुमारास. आणि त्यानंतर चार-पाच दिवसांत आशुरा, म्हणजे इमाम हुसेन यांच्या शहादतीचा दिवस.

यातली अडचण समजायला आधी आमचा मोहरम बाजूला ठेवावा लागेल. मी मराठवाड्यातला. आमच्या गावात मोहरम म्हणजे सवाऱ्या, ताशे, अलाव्याभोवतीची धावपळ, सरबत आणि घराघरात गुळाचे चोंगे. सवारीला नवस बोलणाऱ्यांत निम्म्याहून जास्त हिंदू असत. दुःखाचा दिवस आहे हे आम्हाला ठाऊक होतं, पण ते दुःख ताशाच्या आवाजात कुठे तरी विरघळून जायचं. शिराझमध्ये तसं नव्हतं. रस्तोरस्ती काळे बावटे, माणसांच्या अंगावर काळे सदरे, संध्याकाळी छाती पिटत जाणारे जथे. आणि त्याच रस्त्यांवर, त्याच काळ्या बावट्यांखाली, फेरीवाले काचेच्या भांड्यात लाल मासे, जांभळे संबुल आणि नवरोजची रोपं विकत होते. गिऱ्हाईकही काळ्या कपड्यातलं आणि विकणाराही.

घरात यावर वाद झाला. मुलीचं म्हणणं, वर्षातून एकदा येणारा सण आहे, नेहमीसारखा झाला पाहिजे. तिच्या आईचं म्हणणं, शेजारी काय म्हणतील. आगा शिक्षक असल्यामुळे त्यांनी इतिहास सांगायला सुरुवात केली आणि कोणी ऐकेना. मी पाहुणा, मी चहा प्यालो. मादरजून मात्र काहीच बोलली नाही. ती उठली आणि खिडकीतल्या ताटात पसरलेल्या गव्हावर पाणी शिंपडून आली. आपण घट बसवतो तेव्हा धान उगवतं तसे वीतभर हिरवे अंकुर त्या ताटात आले होते. हा 'सब्जे'. मोहरमचा चांद दिसायच्या आधीच तिने गहू भिजत घातला होता, कारण नवरोजला अंकुर उभे हवेत तर गहू दोन आठवडे आधी भिजला पाहिजे.

आगांचा जो इतिहास त्या दिवशी कोणी ऐकला नाही, तो मी नंतर त्यांच्याकडून सावकाश ऐकला, आणि परतल्यावर स्वतः वाचलाही. तो थोडा सांगतो.

इस्लामी वर्ष शुद्ध चांद्र. ३५४ दिवसांचं. आपल्या पंचांगातही महिने चांद्रच, पण साधारण तीन वर्षांनी एक अधिक मास घालून आपण ते ऋतूंशी जुळवून घेतो. इस्लामने अधिक मासाची प्रथा बंद केली. त्यामुळे रमजान, मोहरम, ईद हे दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येतात आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतात. श्रद्धेच्या दृष्टीने यात एक न्याय आहे. उन्हाळ्यातला रोजा सगळ्यांच्याच वाट्याला येतो, हिवाळ्यातलाही. पण शेतसारा चांद्र वर्षाने कसा वसूल करणार? पीक काही अकरा दिवस आधी पिकत नाही.

म्हणून अरबांनी इराण जिंकलं तरी सारावसुलीचं वर्ष इराणीच राहिलं. नवरोज हा वसुली सुरू करण्याचा दिवस. उमय्यांच्या काळात तर नवरोजच्या 'भेटी' हा एक करच होऊन बसला होता. खलिफा दुसरे उमर, म्हणजे ७१७ ते ७२० या काळातले धर्मपरायण उमर, यांनी त्या भेटी बंद केल्या. पुढे त्या पुन्हा सुरू झाल्या. सत्तेला उत्पन्न सोडवत नाही, मग ते काफिरांच्या सणाच्या नावाने येवो.

आता यात एक गंमत झाली. जुनं इराणी वर्ष नेमकं ३६५ दिवसांचं होतं, लीप वर्षाचा दिवस त्यात नव्हता. त्यामुळे नवरोज दर चार वर्षांनी एक दिवस अलीकडे सरकायचा. नवव्या शतकात तो जूनमधून सरकत एप्रिलमध्ये आला. अल् बिरुनी लिहितो की खलिफा मुतवक्किल शिकारीला गेला असता त्याला शेतात पीक हिरवंच उभं दिसलं, आणि इकडे अधिकारी सारावसुलीची परवानगी मागत होते. चौकशी केली तेव्हा कळलं की लोक कर्ज काढून सारा भरतात, काही गाव सोडून जातात. कोवळ्या कणसावर सारा आणि सारा भरायला सावकार, ही गोष्ट मराठवाड्यातल्या माणसाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. मुतवक्किलने नवरोज पुढे ढकलायचं ठरवलं, पण ८६१ मध्ये त्याचा खून झाला आणि काम राहिलं. ८९५ मध्ये मुतदिद या खलिफाने नवरोज ११ जूनला नेऊन ठेवला. ज्या सणावर धर्मशास्त्री नाराज होते, त्याची तारीख खुद्द खलिफाने दुरुस्त केली!

पुढचं मोठं काम १०७९ सालचं. सेल्जुक सुलतान जलालुद्दीन मलिकशाहने ज्योतिषी बसवले. त्यांत एक होते उमर खय्याम. हो, तेच रुबायांचे खय्याम, ज्यांना आपल्या माधव जूलियनांनी मराठीत आणलं. आपण त्यांना प्याला हातात धरलेला कवी म्हणून ओळखतो. त्यांची नोकरी मात्र वर्षाची लांबी मोजण्याची होती. या मंडळींनी नवरोज वसंत संपाताला बांधून टाकला. सूर्य मेषेत येईल तोच पहिला दिवस, मग लीप वर्ष कधी येतं ते आकाश ठरवील. १९२५ साली इराणने याच पायावर आपलं सरकारी कॅलेंडर कायद्याने ठरवलं. शाहने १९७६ मध्ये सनाचा आकडा बदलून पैगंबरांच्या हिजरतीऐवजी सम्राट सायरसपासून वर्षं मोजायला लावली. दोन वर्षांत लोकांच्या रोषापुढे ते मागे घ्यावं लागलं. १९७९ च्या क्रांतीनंतर काही धर्मगुरूंना हा अग्निपूजकांचा सण नकोसा वाटला. पण आकडा बदलणारा शाह काय किंवा सण नको म्हणणारे मौलवी काय, फरवर्दीनची पहिली तारीख कोणालाही हलवता आली नाही.

आणि आपले पारशी? इराणातून गुजरातेत आलेले हे लोक जुनं, लीप दिवस नसलेलं वर्ष सोबत घेऊन आले होते. त्यांच्यापर्यंत मलिकशाहची दुरुस्ती पोचलीच नाही. त्यांचा नवरोज चार वर्षांना एक दिवस या गतीने मार्चातून मागे सरकत हिवाळा ओलांडून, दिवाळी-दसरा ओलांडून ऑगस्टपर्यंत आला. शिवाय १७४५ च्या सुमारास सुरतेत एका महिन्याच्या फरकावरून वाद झाला आणि कदमी पंथ वेगळा निघाला. १९०६ मध्ये खुर्शेदजी कामा यांनी पुन्हा २१ मार्च धरावा असा आग्रह धरला, तो फसली पंथ. म्हणजे एकट्या मुंबईत नवरोज वर्षातून तीनदा येतो. श्रावणातल्या वसंताचं उत्तर हे असं आहे.

'फसली' हा शब्द मात्र आपल्या जास्त जवळचा. फसल म्हणजे पीक. बगदादची अडचण दिल्लीलाही होती. अकबराने १५८४ मध्ये सौर इलाही सन सुरू केला, नवरोज दरबारात थाटाने साजरा होऊ लागला, आणि सारावसुलीसाठी फसली सन आला. शहाजहानच्या काळात, १६३६ मध्ये, तो दख्खनेत लागू झाला. औरंगजेबाने १६५९ मध्ये नवरोजचा दरबारी सोहळा बंद केला. फसली सन बंद केला नाही. त्याच्या आधीपासून आपल्याकडे आणखी एक सौर वर्ष होतं, शुहूर सन. जुन्या मराठी कागदांवर 'सुहूर सन' म्हणून जो अरबी आकड्यांचा मंत्र दिसतो, इहिदे, इसन्ने, सलास, तो हाच. आकडे अरबी, लिपी मोडी, आणि वर्ष बदलणार मृगाला. मुतदिदने नवरोज जूनमध्ये नेला, आमच्या माणसांनी अरबी वर्ष जूनमध्ये आणून मृगाला बांधलं. दोघांनी एकमेकांचं काही ऐकलेलं नव्हतं. दोघांनी शेताकडे पाहिलं होतं.

शिराझमध्ये एका सकाळी आगांनी माझ्या वहीत नव्या वर्षाच्या महिन्यांची नावं लिहून दिली. फरवर्दीन, उर्दीबेहिश्त, खुर्दाद, तीर, मुर्दाद, शहरीवर. मी वाचत गेलो आणि थांबलो. ही नावं मी पाहिली होती. आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत जमिनीच्या साऱ्याच्या जुन्या उर्दू पावत्या होत्या, निजामाच्या काळातल्या, आणि त्यांवर अशाच तारखा होत्या: खुर्दाद, अमरदाद, १३४६ फसली. लहानपणी मला ती माणसांची नावं वाटायची. अमरदाद म्हणजे कोणी तरी पाटील असेल! हैदराबाद संस्थानाच्या सरकारी फसली वर्षाला महिने इराणी सौर होते. वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं, त्यामुळे नावं तीच पण ऋतू वेगळे. पण नावं होती. मी आगांना सांगितलं तर त्यांना आधी खरं वाटेना. मग त्यांनी आईला हाक मारून सांगितलं, "मादरजून, याच्या आजोबांनी खुर्दादमध्ये सारा भरला होता." तिने माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पाऊस झाला होता का त्या वर्षी?" या प्रश्नाचं उत्तर पावतीवर नव्हतं.

२० मार्चच्या रात्री घरात शेवटी काय झालं ते सांगतो. 'हफ्त सीन'चा दस्तरखान मांडला गेला. 'स'ने सुरू होणाऱ्या सात वस्तू. यातलं 'हफ्त' म्हणजे सात, म्हणून आपला हप्ता सात दिवसांचा. सिक्का तर आपलाच, सिरके म्हणजे शिरका, सब्जे म्हणजे उन्हाळ्यात सरबतात घालतो त्या सब्जाचा भाऊबंद. सीर म्हणजे लसूण, सीब म्हणजे सफरचंद, शिवाय सुमाक आणि गव्हाच्या अंकुरांचं गोड समनू. मध्ये आरसा, कुराणशरीफ आणि हाफिजचा दिवाण. लाल मासा आणला नाही. मुलीने तेवढं सोडलं. अंडी रंगवली नाहीत. आदल्या रात्री, वर्षाच्या शेवटच्या बुधवारची आग ओलांडायलाही कोणी गेलं नाही. दूरदर्शन संचावर गाणी नव्हती. मादरजून काळ्या कपड्यांतच बसली होती. तिने दस्तरखानाच्या कडेला एक छायाचित्र आणून ठेवलं. मिसरूड फुटलेला मुलगा. तिचा धाकटा. १९८७ च्या हिवाळ्यात इराकच्या आघाडीवर मारला गेला. त्या लढायांना सैन्याने नावंच 'करबला' दिली होती, एक, दोन करत. तो पाचव्या करबलात गेला.

मी मघाशी म्हटलं की आमच्या मोहरमचं दुःख ताशात विरघळतं. तेराशे वर्षांपूर्वीच्या माणसासाठी इतकं रडणं मला शिराझच्या रस्त्यांवर थोडं परकंही वाटलं होतं. ते छायाचित्र ठेवलं गेल्यावर माझ्या मनात तो विचार पुन्हा आला नाही.

वर्ष बदललं तेव्हा आगांनी अरबी दुआ म्हटली. इस्लामपूर्व सण, वर अरबी दुआ, आणि तिच्यानंतर हाफिजचा फाल. दिवाण उघडायचा, जी गझल येईल ती वाचायची. या हाफिजला आमच्या दख्खनच्या बहमनी सुलतानाने गुलबर्ग्याला बोलावलं होतं, फरिश्ता तशी हकिगत देतो. प्रवासखर्चही पाठवला होता. हाफिज होर्मुझपर्यंत आले, जहाजात चढले, वादळ उठलं तसे उतरून घरी परतले आणि सुलतानाला एक गझल पाठवून दिली. मी हे सांगितल्यावर मुलगी त्या रात्री पहिल्यांदा हसली आणि लगेच आजीकडे पाहून गप्प झाली. मादरजून म्हणाली, "हस. गेल्या खेपेला नवरोज मोहरमात आला तेव्हा हा माझ्या कडेवर होता. तेव्हाही आम्ही सब्जे लावलं होतं." मग तिने कुराणात ठेवलेल्या कोऱ्या नोटा काढल्या, वयाप्रमाणे वाटल्या. मलाही दिली. देताना 'पेसरम' म्हणाली, म्हणजे 'माझ्या मुला'.

गेल्या खेपेला. मी नंतर हिशेब केला. १९६९ आणि १९७० साली मोहरम मार्चमध्ये होता. शाहचं राज्य होतं, क्रांती व्हायची होती, युद्ध व्हायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून भेटीगाठी सुरू झाल्या. आधी वडीलधाऱ्यांकडे जायचं, मग त्यांनी परतभेट द्यायची. सगळे काळ्या कपड्यांत येत, 'मुबारक' हळू आवाजात म्हणत, पिस्ते घेत, मिठाईचं ताट पाहून न पाहिल्यासारखं करत. आशुराच्या दिवशी गल्लीत मोठ्या देगा चढल्या. वाटाण्याच्या डाळीचं आणि मांसाचं कालवण, भात. ज्याला हवं त्याने घेऊन जावं. मला आमचे चोंगे आठवले. त्याच दिवसांत शिराझच्या नारंगीच्या झाडांना फुलं येत होती. तिथे त्या फुलांना 'बहार नारंज' म्हणतात. आमच्याकडे जालन्याचा मोसंबीवाला मृगबहार धरायचा की आंबेबहार याची चर्चा करतो. हा बहार तिथलाच.

तेराव्या दिवशी घराबाहेर पडून सब्जे वाहत्या पाण्यात सोडायचं असतं. मादरजून आली नाही. तिने ताट मुलीच्या हातात दिलं.

२००९ मध्ये युनेस्कोने नवरोजला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं; इराणसोबत त्या यादीत भारताचंही नाव आहे. अफगाणिस्तानात मात्र तालिबानने २०२१ मध्ये सत्ता परत मिळवल्यावर त्याची सरकारी सुट्टी रद्द केली. सण मग पुन्हा घरात गेला. तो तिथे बरीच वर्षं राहू शकतो.

२०२५ चा नवरोज रमजानमध्ये आला. मी फोन केला तेव्हा ती मुलगी, आता तिचीच मुलगी शाळेत जाते, इफ्तारच्या तयारीत होती. मादरजून जाऊन बरीच वर्षं झाली. हफ्त सीनचा दस्तरखान आणि इफ्तारचा दस्तरखान एकच केलाय, जागा कमी पडते, म्हणाली. मी तिला सांगितलं की २०३५ मध्ये आशुरा आणि नवरोज जवळजवळ एकाच दिवशी येतायत. ती थोडा वेळ बोलली नाही. मग तिने विचारलं, "म्हणजे गहू मोहरमच्या आधी भिजवावा लागेल?" मी म्हटलं, हो, साधारण चार-पाच दिवस आधी. तिने मुलीला हाक मारून ते लिहून ठेवायला सांगितलं.